वेडिंग फोटोग्राफीत कसा शिरलो, माझा अनुभव

कॅमेरा घेतला की लग्नाच्या ऑर्डरी सुरू असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत विचाराल तर आधी कोणाच्या तरी हाताखाली सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरसोबत फोटो काढणारा दुसरा माणूस) म्हणून जा. मी एका सिनियरकडे लागलो तेव्हा बॅगा उचलणं, फ्लॅश धरून उभं राहणं, बॅटऱ्या चार्ज करणं एवढंच काम, पैसे नावालाच. पण नंतर कॅमेरा हातात मिळाला तेव्हा नवरा-नवरीच्या फोटोंचं टेन्शन सगळं सिनियरना आणि मी मोकळा, त्यामुळे पाहुण्यांत फिरून पोरंटोरं, आजी-आजोबा, कोपऱ्यात गुपचूप डोळे पुसणारा बाप असले फोटो मिळाले आणि माझा पहिला पोर्टफोलिओ (लोकांना दाखवायचा आपल्या कामाचा संग्रह) त्यातूनच झाला (सिनियरना विचारून हं, न विचारता आपल्या नावावर टाकायचे नाहीत).

त्यांची एक सवय मी उचलली. काम सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅमेरे शेजारी धरून घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायचे. नाहीतर घरी सगळे फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे लावले की नवरी यायच्या आधीच लोक टाळ्या वाजवताना दिसतात!

गियरचं फार मनावर घेऊ नका, ८५ एमएम एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते, आकडा लहान तितकं जास्त) माझी स्वतःची होती, २४-७० एफ/२.८ झूम लेन्स भाड्याने आणायचो. फक्त कॅमेऱ्याची बॉडी दोन कार्ड स्लॉटवालीच बघा आणि दोन्ही कार्डांवर एकदमच रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) सेव्ह होऊ द्या, कारण कार्ड मेलं तर लग्न काय परत लागणार नाही.

खरा त्रास हॉलमधल्या लाइटचा. एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात, सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर तर जास्तच, मग मेकॅनिकल (प्रत्यक्ष पडदा हलणारं) शटर लावून शटर स्पीड १/१०० सेकंदाला आणायचा, ५० हर्ट्झची वीज असेल तिथे बहुतेक वेळा पट्टे जातात, ६० हर्ट्झ असेल तर १/१२५. स्टेजच्या रंगीत एलईडीला मात्र हा हिशोब नेहमी लागू पडत नाही, तिथे ट्राय करूनच बघावं लागतं.

पहिली स्वतःची ऑर्डर मित्राच्या ओळखीतून आली, छोटंसंच लग्न. तरी सगळं लिहून घेतलं, किती तास, किती फोटो, कधी देणार, ॲडव्हान्स किती, कॅन्सल झालं तर काय. ओळखीत तर हे जास्तच लागतं. ग्रुप फोटोंची यादी आधीच मागितली आणि दोन्हीकडचा एकेक माणूस सोबत घेतला, कारण काका कोण न् मामा कोण आपल्याला थोडंच माहीत असतं. ग्रुपला एफ/५.६ किंवा ८ ठेवा, १.८ वर मागची रांग ब्लर होते.

घरी आलो की झोपायच्या आधी दोन हार्ड डिस्कवर कॉपी, एक डिस्क दुसऱ्या घरी, आणि फोटो हातात पडल्याचं क्लायंटने कळवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही.