दारातल्या उतारावर बारा महिने फुलं कशी?

गेटपाशी थांबून हमखास विचारतात, एवढ्याशा उतारावर बारा महिने काही ना काही फुललेलं असतंच कसं, खत कुठलं घालता. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. खत शेणखतच हो, तेही वर्षातून एकदा. खरी भानगड पाण्याची होती.

घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. दारापुढची जागा १८ बाय १२ फूट आणि त्या १२ फुटांत साडेतीन फूट उतार. पहिल्या वर्षी हौसेनं लॉन लावलं, जुलैत ते मातीसकट गेटबाहेर. दुसऱ्या वर्षी सिमेंटची भिंत घातली, पण पाणी जायला भोकंच ठेवली नाहीत, मग काय, पावसात मागची माती भिजून जड झाली आणि भिंतीला पोट आलं. शेवटी सासूबाई गावाकडनं आल्या, बघून म्हणाल्या, "अगं, रानात ताली घालतो न्हवं, तशाच घाल की हितं." गार्डन म्हणजे रानापेक्षा काहीतरी वेगळं असं माझ्या डोक्यात बसलेलं ना!

मग फूट फूट उंचीच्या तीन ताली घातल्या, म्हणजे शेतात उताराला आडवे बांध घालतात तसे, काळ्या दगडाच्या, बिनसिमेंटच्या, दगड जरा चढाकडे कलते ठेवून, म्हणजे फटीतून पाणी झिरपतं आणि माती जागची हलत नाही. कडेनं वाळा लावला, त्याची मुळं सरळ खाली खोल जातात.

आता फुलं. वरची ताल कोरडी राहते म्हणून तिथं बोगनवेल, सगळ्यात खाली ओल असते तिथं सोनटक्का, पावसाळ्यात गेटपर्यंत घमघमाट. मधे प्राजक्त, श्रावणापासून दिवाळीपर्यंत पहाटे सडा, पण एक फांदी शेजारी गेलीय त्यामुळे निम्मी फुलं तिकडच्या काकूंच्या देवाला. मग शेवंती, थंडीत कुंद, एप्रिल-मेत मोगरा. अडतं ते फेब्रुवारी-मार्चला, कुंद संपत आलेला आणि मोगऱ्याचा पत्ता नाही, तेव्हा बोगनवेलच लाज राखते, फक्त तिचं पाणी तोडायचं, लाड केले की नुसती पानं. अबोली आणि तगर असतातच, त्यांना कुणी मोजत नाही बिचाऱ्यांना. गुलाबाचं विचारू नका, तीनदा आणला तीनदा गेला.

वाळ्याचं ठोंब हवं असेल तर पहिला पाऊस झाला की या, येताना पिशवी आणा.