मामाची ८००, भाग ४: चढाला ब्रेकचा वास कुठून यायलाय?

मागच्या भागात पेंटिंगपर्यंत आलो होतो, पण ह्या महिन्यात रंग-बिंग सगळं बाजूला राहिलं कारण गाडीला जळका वास यायला लागला. नवीन मंडळींसाठी सांगतो, २००७ ची मारुती ८०० आहे, मामाची, केजजवळ शेतात पत्र्याच्या शेडात चार पावसाळे उभी होती, आता बीडला माझ्याकडं आहे.

पहिल्यांदा वास आला तो मांजरसुंब्याचा घाट उतरताना. बायको म्हणली, "अहो, काहीतरी जळायलंय." मी म्हणलं पुढच्या ट्रकचं असंल. ट्रक निघून गेला, वास काही गेला नाही. खाली येऊन थांबलो तर क्लीनर साईडच्या पुढच्या चाकाजवळ हात धरवत नव्हता. तेव्हा मी खापर स्वतःवरच फोडलं, कारण चौथ्या गिअरवर ब्रेक दाबत दाबत उतरलो होतो आणि असं उतरलं की कुठल्याही गाडीचे ब्रेक तापणारच. पुढच्या खेपेला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरलो, ब्रेक अगदी मोजून मारला. तरी तोच वास, तेच चाक.

क्लच जळतोय का ही शंका आधी काढून टाका. क्लचचा वास अर्धा क्लच धरून चढ चढताना किंवा रिव्हर्स घेताना येतो आणि तो बॉनेटकडून येतो, एका चाकापाशी नाही. हँडब्रेक चुकून राहिला असंल तर मागची चाकं तापतील. माझं पुढचं एकच तापत होतं.

मग रविवारी घरीच जॅक लावला. चाक हातानं फिरवलं तर बऱ्यापैकी मोकळं, फक्त थोडी घासल्याची खरखर. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) उतरवला तर खालची स्लाईड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) जाम! आधी कुणीतरी पिनेला साधं बेअरिंगचं ग्रीस फासलं होतं, त्यानं रबरी बूट फुगलेला. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू, रोग सापडला. पिना पॉलिश पेपरनं साफ केल्या, नवीन बूट, सिलिकॉन ग्रीस, पॅडला ढकलणारा पिस्टन मागं दाबला आणि सगळं जोडून टाकलं.

आता माझी चूक कुठं झाली बघा. जुनं घाण ब्रेक ऑईल वर जाऊ नये म्हणून पिस्टन दाबताना मी निप्पल (कॅलिपरवरचा ऑईल-हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा ठेवला होता. पद्धत म्हणून हे बरोबरच आहे, पण निप्पल बंद ठेवून दाबून बघितलं असतं तर पिस्टन मागं जायला अडला असता आणि खरा रोग तिथंच कळला असता.

आठ दिवसांनी परत वास. ह्यावेळी डोकं लावलं. उतारावर तपासून काय कळणार, तिथं ब्रेक तापतोच, म्हणून उलटं केलं. बीडहून मांजरसुंब्याला वर चढलो. चढाला ब्रेक कोण मारतंय? गावातल्या स्पीडब्रेकरला मारले तेवढेच. वर पोचल्यावर लेझरवालं टेंपरेचर गन डिस्कवर धरलं: क्लीनर साईड १६८ डिग्री, ड्रायव्हर साईड ६१. गाडी डावीकडं ओढतही होती, मी ते आतापर्यंत टायरच्या हवेवर ढकलत होतो.

तिथूनच गॅरेजवाल्या चाचांना फोन लावला. चाचा म्हणले, "थंड चाक काय सांगणार बाबा, गरम असतानाच उचल. आणि निप्पल अर्धा आटा ढिला करून बघ."

सपाट जागा बघून मागच्या टायरांना दगड लावले, जॅक चढवला. चाक दोन्ही हातांनी हलंना. निप्पलला पाना लावला, ऑईलची चिरकांडी उडाली (लांब राहा, गरम असतं, आणि रंगावर पडलं तर रंग खातं) आणि चाक लगेच मोकळं. म्हणजे पिन नाही, पिस्टनचा गंजही नाही, ब्रेक सोडल्यावरही आत प्रेशर अडकून राहतंय. निप्पल परत घट्ट केला, ऑईलची पातळी बघितली, पॅडल दाबून खात्री केली आणि दुसऱ्या गिअरवर गोगलगायीसारखा खाली आलो.

घरी येईपर्यंत चाक परत धरलेलं. आता होज पाईपच्या (कॅलिपरला ऑईल नेणारी रबरी नळी) वरच्या टोकाचा, लोखंडी पायपाचा नट ढिला केला. चाक तसंच घट्ट. म्हणजे अडकलंय ते होजमध्येच. मास्टर सिलेंडर (पॅडल दाबलं की सगळ्या चाकांना ऑईल ढकलणारा) खराब असता तर नट सोडताच चाक सुटलं असतं, शिवाय अजून एखादं चाक तरी धरलं असतं.

होज बाहेरून एकदम चांगला दिसत होता, एक चीर नाही. कापला तर आतला रबर फुगून भोक जवळपास बुजलेलं. आपण पायानं जोर लावतो तेव्हा ऑईल त्यातूनही पुढं जातं, पण माघारी यायला तेवढा जोर नसतो. पिस्टनला मागं ओढायला स्प्रिंग नाही, त्याच्याभोवतीची चौकोनी रबर सील पिळ सुटून त्याला केसभर मागं आणते, बास. तेवढ्या जोरावर बुजलेल्या होजमधून ऑईल काय परतणार?

दोन्ही बाजूचे होज बदलले. पॅडवर काचेसारखी चमक आली होती, तेही जोडीनं बदलले. डिस्कवर निळसर डाग आहेत पण स्टिअरिंग थरथरत नाही, म्हणून तूर्त राहू दिली. ऑईल चहासारखं काळपट, ते पूर्ण काढलं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑईल नवीन असताना कमीत कमी २०५ डिग्रीला उकळतं, पाणी ओढलेलं १४० पर्यंत खाली येऊ शकतं. माझी डिस्क १६८ होती! ऑईल काही डिस्कएवढं तापत नाही, पण ते उकळून वाफ झाली असती तर घाटात पॅडल सरळ खाली गेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ब्रेकच्या पायपातली एअर काढली आणि तोच चढ परत चढलो: ६६ आणि ६३. नवीन पॅडचा पहिल्या दिवशी थोडा वास आला, तो येतोच, घाबरू नका.

परवा घाट उतरताना परत वास आला. मी गाडी बाजूला घेऊन चारही चाकं तपासली, सगळी बरी. ह्यावेळी खरंच पुढच्या ट्रकचा होता. बायको काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

आता हँडब्रेक नऊ टिकटिक वर येतोय, म्हणून पुढच्या रविवारी मागचे ड्रम उघडायचेत. ८०० चा ड्रम निघत नसंल तर तुम्ही कसा काढता ते सांगा, माझा डावा हलायलाच तयार नाही.