फायर एनओसी: साडेअकरा लाख परवडले, हद्दीचं पत्र नाही

आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, यवतमाळ जिल्ह्यात, गावाच्या पाटीपासून जेमतेम अर्धा किलोमीटर पुढे. तोच अर्धा किलोमीटर नडला.

फायर एनओसी, म्हणजे आगीपासून बचावाची सोय असल्याचा ना-हरकत दाखला, काढायची होती. आधी धसका खर्चाचा होता. टाकी, दोन पंप, हायड्रंटची (आग विझवायच्या नळांची) लाइन, कापसाच्या गाठींच्या गोदामात स्प्रिंकलर (आग लागली की वरून पाणी शिंपडणारे), मिळून कोटेशन साडेअकरा लाखांचं, वर 18 टक्के जीएसटी. "बापा! एवढ्यात पोरीचं लग्न होते," काका म्हणाले. पण कापसातून एखादा खिळा रेच्यात (सरकी काढायच्या यंत्रात) गेला, ठिणगी पडली, की गाठीच्या पोटात आग दिवसदिवस धुमसते. एकदा भोगलंय आम्ही. काम दीड महिन्यात उरकलं.

मग फाइल घेऊन नगरपरिषदेत गेलो. "जागा ग्रामपंचायतीत येते जी, आमच्याकडे होत नाई." ग्रामसेवक हसले, "भाऊ, आमच्याकडे प्यायच्या पाण्याचे वांधे, तुमी फायरचं काय विचारता?" परत नगरपरिषद. तिथे नकाशा पसरला आणि हद्दीची रेघ आमच्या वजनकाट्यावरून जाते की कुंपणाबाहेरून, यावर तीन बाबूंचा अर्धा तास गेला. एकानं स्केल ठेवली, दुसऱ्यानं बोटानं पुसून काढल्यासारखं केलं. निकाल काय, तर मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेखचा हद्द दाखवणारा नकाशा, आणा.

मोजणीची तारीख मिळाली पोळ्यानंतरची. त्या दिवशी असा पाऊस की मोजणीवाले काळ्या मातीत पाय रुतले तसे परत गेले. पुढची तारीख बावीस दिवसांनी. दसरा तोंडावर, शेतकऱ्यांचे फोन सुरू, आणि मी रोज सकाळी कुणाच्या तरी टेबलासमोर उभा. रक्तदाबाची गोळी मला त्याच महिन्यात लागली. अखेर 'क' प्रत आली आणि नगरपरिषदेचं पत्र मिळालं. एकच ओळ: सदर जागा नगरपरिषद हद्दीबाहेर आहे. अडीच महिन्यांची एक ओळ!

ते जोडून अर्ज महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे केला, मग गाडी पुढे सरकली. म्हणून सांगतो, गावाच्या शिवेवर जागा असेल तर पाइपाचा पहिला तुकडा घ्यायच्या आधी हे पत्र घ्या.

ही यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीचं लायसन्स किती तारखेपर्यंत आहे तेही बघा. यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा 'ए' फॉर्म तीच देते. 2006 च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'बी' फॉर्म द्यावा लागतो, म्हणजे खर्च एकदाचा नाही. गाठी पत्र्यापर्यंत रचू नका, स्प्रिंकलरखाली दीड-दोन फूट मोकळं हवं.

हो, आणि पेंटर. स्प्रिंकलरच्या तोंडाशी तांबड्या द्रवाची इवलीशी काचेची नळी असते. 68 अंशांना ती फुटते आणि तेवढ्याच हेडमधून पाणी येतं. दिवाळीच्या रंगकामात आमच्या पेंटरनं पाइपाबरोबर बारा नळ्याही छान पांढऱ्या केल्या. रंग खरवडून चालत नाही, बाराही हेड बदलली. त्याला काय बोलणार, "सगळं एकसारखं कर" असं मीच सांगितलं होतं.