आईचा बदललेला गुडघा आणि बारा आठवड्यांची अँटिबायोटिक्स

पहिली चूक आमच्या हातून घरीच झाली. गुडघा बदलायच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले असताना आत संसर्ग होऊन टाक्यांच्या जागेतून पाणी झिरपायला लागलं, आणि वेंगुर्ल्यातल्या जवळच्या दवाखान्यातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आईला पाच दिवस दिल्या. रोग्याला थंडीताप येऊन तो खचला नसेल, तर सांध्यातलं पाणी सुईने काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) जाईपर्यंत एकही गोळी द्यायची नसते. जंतू मरत नाहीत, नुसते दबतात आणि रिपोर्ट कोरा येतो. आमचा तसाच आला. नशीब, घाटावर दुसऱ्यांदा गुडघा उघडला तेव्हा वेगवेगळ्या जागचे पाच तुकडे तपासायला पाठवले होते. त्यातल्या तिनांत स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला, तोही साध्या औषधांना दाद देणारा.

पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरतं तसा धातूवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो कोवळा असेपर्यंत सांधा धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून धातू ठेवता येतो. थर जुना झाला की सगळं काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवावा लागतो.

सुरुवातीला शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन, 2 ग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणून तर ते घरी जमलं. दंडात पिक लाइन होती, म्हणजे शिरेतून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी. औषध 100 मिली नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात. आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली घरात पडलेली असली तरी ती चालत नाही: तिच्यातल्या कॅल्शियमशी या औषधाचा साका बनतो. लाइन धुवायला 10 मिलीचीच सिरिंज घ्यायची, कारण छोट्या सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फुटू शकते. ड्रेसिंग आठवड्याने बदलायचं असतं, पण जुलैच्या दमट हवेत ते आधीच सुटतं. कड उचललेली दिसली की त्याच दिवशी बदलायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नको.

जखम कोरडी झाल्यावर रिफाम्पिसिन 450 मिग्रॅ दोन वेळा आणि जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन. थरात शिरून मारणारं औषध रिफाम्पिसिनच, पण ते एकटं दिलं तर जंतू बघता बघता त्याला निर्ढावतात. जोडीची गोळी संपली तर दुकानदाराची वाट बघत ते एकटं चालू ठेवू नका, डॉक्टरांना फोन करा. सकाळची गोळी सहाला, पेज सातनंतर. लघवी नारिंगी होते, घाबरायचं कारण नाही. खरी अडचण निराळीच. मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन, दोन्हींचा जोर यामुळे उतरतो. आईची शुगर चढली ती पथ्य मोडल्याने नव्हे.

लेव्होफ्लॉक्सासिनचं वैर कॅल्शियमशी, आणि गुडघा बदललेल्या प्रत्येकाच्या पिशवीत कॅल्शियमची गोळी असतेच! दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं. लोहाच्या आणि पित्ताच्या गोळ्यांनाही तेच. टाचेमागची जाड शीर (टेंडन) दुखली तर व्यायाम थांबवून आधी कळवायचं. साठीपुढे ती तुटायची भीती जास्त.

सहा आठवड्यांत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा) उतरला तेव्हा आईने विचारलंच, आता पुरे नाही का? 2021 साली फ्रान्समधल्या चाचणीचे आकडे आले: सहा आठवड्यांवर थांबलेल्यांत 18.1 टक्के जणांचा संसर्ग टिकून राहिला, बारा आठवडे घेतलेल्यांत 9.4 टक्के. आम्ही बारा पुरे केले. त्यानंतरही सीआरपी तपासत राहिलो, कारण औषधं चालू असताना तो चांगला दिसतोच.