रंगकामाची नोंद: अँटेनांवर काय मारलं, काय नाही

या खेपेला विषय अँटेनांचा. विमान तेच, सेसना १५०. पंख रंगून झालेत, फ्यूजलाज (विमानाचं धड) प्रायमरवर आहे आणि उतरवलेले अँटेना बाकावर पडलेत: कॉमचा (बोलायच्या रेडिओचा) फायबरग्लासचा वाकडा रॉड, शेपटीवरच्या व्हीओआरच्या (जमिनीवरच्या केंद्रावरून दिशा दाखवणाऱ्या रेडिओच्या) दोन मिशा, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राचा) ब्लेड, जीपीएसची चकती. 'सगळ्यांवर एकेक हात मारून टाक' हा सल्ला येणारा-जाणारा प्रत्येक जण देतो. सांगणाऱ्याचं काय जातं!

सरसकट नियम इथे चालत नाही, कारण प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी. कॉम चालतो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे तरंगलांबी सव्वादोन ते अडीच मीटर. तिथे साध्या रंगाचे दोन पातळ थर खिजगणतीतही नाहीत. ट्रान्सपॉन्डर १०३० वर ऐकतो आणि १०९० वर उत्तर देतो. पाव तरंगलांबी जेमतेम सात सेंटीमीटर, त्यामुळे जाड थर तिथे जाणवू शकतो. जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. सिग्नल मुळातच क्षीण, आणि आतला सिरॅमिक पॅच अगदी अरुंद पट्टीत ट्यून केलेला. त्याच्या अंगावर काहीही चढवू नये, असं माझं मत. चकती तशीही पांढरीच आहे.

जाडीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे रंगात काय मिसळलंय. माझ्या रंगसंगतीत सिल्व्हर मेटॅलिकचा पट्टा आहे, आणि मेटॅलिक म्हणजे ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे. वाळलेल्या पट्ट्यावर मल्टिमीटर लावला तर वीज वाहत नाही असंच दिसतं, कारण प्रत्येक पापुद्रा रेझिनमध्ये सुटा अडकलेला असतो. म्हणून 'मीटर काही दाखवत नाही, मग बिनधास्त मारा' असं म्हणणारे फसतात. पापुद्रे एकमेकांना टेकले नाहीत तरी रेडिओलहरीच्या दृष्टीने तो थर साध्या रंगासारखा राहत नाही. अँटेनाची ट्यूनिंग हलते, काही सिग्नल वाया जातो. काळ्या रंगातही कार्बनचं प्रमाण जास्त असेल तर तीच गत.

खात्री करायला फायबरग्लासचे दोन पातळ तुकडे घेतले, एकावर साधा पांढरा पॉलियुरेथेन आणि दुसऱ्यावर सिल्व्हर मारला. वाळल्यावर दोन्ही आळीपाळीने जीपीएसच्या चकतीवर टेकवून रिसीव्हरच्या पडद्यावरचे उपग्रहांच्या सिग्नलच्या ताकदीचे आकडे पाहिले. पांढऱ्याखाली ते जवळपास जागचे हलले नाहीत. सिल्व्हर ठेवताच सगळे एकदम खाली सरकले, आणि क्षितिजालगतचे आधीच कमजोर असलेले उपग्रह गळाले. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, पण मला तेवढी पुरली.

आता कॉमचा रॉड. हा रंगवणं निव्वळ हौस नव्हती. उन्हाने वरचा थर भुकटी होऊन निघाला होता आणि काचेचे तंतू उघडे पडले होते. हाताला कुसळं टोचावीत तसे टोचत होते. तिथून पाणी आत शिरतं. स्ट्रिपर (जुना रंग काढायचं रसायन) अजिबात वापरला नाही, तो रेझिनही खातो. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासलं, पुसलं, बिनधातूचा प्रायमर पातळ मारला आणि वर पांढऱ्याचे दोन कोट. आधी आणि नंतर बेस तात्पुरता पत्र्यावर कसून ॲनालायझर लावला आणि एसडब्ल्यूआर पाहिला, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप; जितका कमी तितका चांगला. रंगानंतर त्याचा सगळ्यात खालचा बिंदू किंचित खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकला, पण पूर्ण पट्टीत एसडब्ल्यूआर २ च्या आतच राहिला. २ ला सुमारे ११ टक्के पॉवर परत येते, ३ ला २५ टक्के. मला ३ जवळ जायचंच नव्हतं.

ट्रान्सपॉन्डरच्या ब्लेडसोबतच्या कागदात रंग न देण्याची सूचना आहे. विषय संपला. रंगकामाच्या वेळी फक्त टेप लावून झाकला जाईल. व्हीओआरच्या मिशा नुसत्या पुसून ठेवल्या.

खरी मेहनत बेसखाली होती. कॉमचा बेस काढल्यावर खाली जुन्या रंगाचे एकावर एक थर निघाले. पत्र्याशी संपर्क होता तो फक्त स्क्रूंमधून, आणि त्यांच्याभोवती पांढरी गंजाची भुकटी. काही अँटेनांत बॉन्डिंग (पत्र्याशी विजेची जोडणी) मुद्दाम स्क्रूमधूनच असतं, या अँटेनात तसं नाही. बेसच्या मापाची जागा उघड्या ॲल्युमिनियमपर्यंत नेली आणि कन्व्हर्जन कोटिंग (गंज रोखणारा पातळ रासायनिक थर) दिलं, कारण ते वीज वाहू देतं. प्रायमर देत नाही. बेस आणि पत्रा यांच्यातला रेझिस्टन्स अडीच-तीन मिलीओहमच्या आत आणायचा हे लक्ष्य. साध्या मल्टिमीटरच्या वायरांचाच रेझिस्टन्स याहून कितीतरी जास्त, त्यामुळे चार वायरींचा मिलीओहम मीटर मागून आणावा लागला. सीलंट फक्त कडेने, तेही मोजून झाल्यावर.

उरला शेपटीचा वाद. सिल्व्हर पट्टा फिनवरून (शेपटीच्या उभ्या भागावरून) थेट वरच्या प्लास्टिकच्या टोपीवर जातो, आणि व्हीओआरच्या मिशा नेमक्या तिथूनच बाहेर पडतात. बाकी फिन धातूचीच, तिथे मेटॅलिकने काही बिघडत नाही. टोपीवर मात्र साधा राखाडी येईल, छटा शक्य तितकी जवळची. उन्हात जवळून पाहणाऱ्याला फरक दिसणार, दिसू दे. राखाडीचे नमुने टोपीच्या जुन्या तुकड्यावर मारून ठेवलेत. छटा ठरली की टोपी रंगायला जाईल.