आमची वाटचाल : मदरबोर्ड कोणता टाकू?

सुरुवात २०१६ ची, नाशिकच्या सिडकोत घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि विंडोज मारून द्यायचे ३०० रुपये. मग असेंबल पीसीच्या ऑर्डरी यायला लागल्या. तेव्हा आमचं गणित सोप्पं होतं, प्रोसेसर चांगला टाका, रॅम जास्त दाखवा आणि पैसे वाचवायचे ते बोर्डात, म्हणजे प्रोसेसर-रॅम ज्यावर बसतात त्या मदरबोर्डात, कारण बोर्डाबद्दल कस्टमर विचारतच नाही ना.

हे गणित २०१९ ला फसलं. कॉलेज रोडच्या एका क्लासवाल्या सरांना ६ मशीन द्यायच्या होत्या, एएमडीची रायझन ३००० ही प्रोसेसरची सिरीज नुकतीच आलेली, मी त्यासाठी बी ४५० चे बोर्ड जुन्या स्टॉकमधून स्वस्तात उचलले. जोडलं सगळं, फॅन फिरतोय पण डिस्प्ले नाही! साडेअकरापर्यंत रॅम काढ-घाल करत बसलो, बायको म्हणाली आता चौथ्यांदा जेवण गरम करणार नाही. प्रोसेसर बसायचा सॉकेट तोच एएम ४, पण बोर्डातला जुना बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, नव्या प्रोसेसरला ओळखतच नव्हता. शेवटी मित्राच्या पीसीतला जुना रायझन उसना आणला आणि एकेक करून सहाही बोर्ड अपडेट केले. तेव्हापासून बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतात, प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून अपडेट होतं. आणि गंमत बघा, त्यातल्याच चार मशीनमध्ये आम्ही नंतर रायझन ५ ५६०० टाकले, बोर्ड तेच, रॅम तीच. सर खूश.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कामं यायला लागली तेव्हा वेगळंच कळलं. तिथल्या जुन्या सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर पार्ट कापणाऱ्या मशीनला, प्रोग्राम पाठवायला अजून आरएस २३२ ची, म्हणजे जुन्या सिरियल पोर्टची केबल लागते. एकाकडे यूएसबी कन्व्हर्टर लावून दिला तर प्रोग्राम मधेच तुटायचा, जॉब (मशीनवर लावलेला पार्ट) स्क्रॅप, आणि शिव्या मला. मग कॉम हेडरवाला, म्हणजे सिरियल पोर्टच्या पिना असलेला, इंटेलच्या प्रोसेसरचा साधा एच ६१० बोर्ड शोधून काढला, मागे पट्टी लावून पोर्ट बाहेर घेतला, विषय संपला. मालक म्हणाले, अहो गेमिंगवाला बोर्ड चांगला असतो ना? म्हटलं दादा, लायटिंगने जॉब निघत नाही.

टॅली आणि बिलिंग असेल तर एच ६१० आणि आय ३, रॅमचे दोनच स्लॉट मिळतात पण पुरतात. पण इंदिरानगरच्या एका आर्किटेक्टला मी तसल्याच साध्या बोर्डावर आय ७ दिला, ही माझी चूक. मे महिन्यात पारा ४० ला टेकला, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) गार ठेवणारा हीटसिंक नाही, रेंडर (डिझाइनचं चित्र तयार करणं) सुरू झालं की दहा मिनिटांत प्रोसेसरचा स्पीड खाली. पदरचे पैसे घालून बी ७६० बोर्ड बदलून दिला. तो काढलेला बोर्ड आता दुकानातल्या बिलिंगच्या पीसीत आय ३ वर मस्त चालतोय.