राधानगरीचं दार उघडलं का?

जुलै-ऑगस्टात आमच्या भोगावतीकाठी सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न हाच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरीचं हे दगडी धरण पुरं व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव काठोकाठ भरला की आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत! एका दारातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. पुढं कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ.

पुराच्या बातम्या होतात, पण धरणाची खरी किंमत कळते ती एप्रिलात. पावसाळा सरला की खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांत, म्हणजे नदीतल्या खांबांच्या बुटक्या बांधांत, पाणी अडवणाऱ्या फळ्या, बर्गे घालायचे, फटीत माती ठासायची. वरून पाणी सोडलं की एकेक बंधारा भरत जातो आणि काठावरच्या पाणी उपसणाऱ्या मोटारी सुरू होतात. एखादा बर्गा सडका निघाला की पाणी खालच्या गावाला, आणि भांडण वरच्या गावात. उपसाबंदी, म्हणजे नदीतून पाणी उचलायला मनाई लागली तर विचारूच नका. ऊस सगळ्यांनाच हवा, पाण्याची पाळी मात्र शेजाऱ्यानं पाळायची!